पहिल्यांदाच माणसे हाताखाली येतात तेव्हा : नव्या सुपरवायझरसाठी मार्गदर्शन

कारखान्यात सुपरवायझर म्हणून बढतीचे पत्र हातात पडते, तेव्हा त्यात नवा पगार, शिफ्ट आणि कोणाला रिपोर्ट करायचे एवढेच लिहिलेले असते. उद्या सकाळी सात वाजता बारा माणसांसमोर उभे राहून नेमके कसे बोलायचे, हे त्यात नसते आणि ते शिकवणारेही फारसे कोणी भेटत नाही. चांगला ऑपरेटर किंवा हुशार डिप्लोमा इंजिनिअर म्हणून ज्याची निवड झाली, त्याला माणसे सांभाळणेही आपोआप जमेल असे सगळे धरून चालतात. हा लेख त्या नव्या माणसाच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी आहे. मी स्वतः चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, प्रेस शॉप (पत्रा दाबून भाग घडवणारा विभाग) आणि असेंब्ली लाइनवर हे काम केले आहे, त्यामुळे उदाहरणे तिथलीच येतील. बँकेच्या शाखेत, रुग्णालयात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत पहिल्यांदा टीम मिळालेल्यांनी शब्द तेवढे बदलून घ्यावेत.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगितलेली बरी. कामाचे समाधान मोजण्यासाठी १९६९ पासून वापरात असलेली एक प्रसिद्ध प्रश्नावली समाधानाचे पाच भाग करते : प्रत्यक्ष काम, पगार, बढती, वरिष्ठांची देखरेख आणि सहकारी. यांपैकी पगार आणि बढती सुपरवायझरच्या हातात जवळजवळ नसतात, काम आणि सहकारी अर्धेमुर्धे असतात आणि देखरेख मात्र पूर्णपणे त्याचीच असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून असा निष्कर्ष काढला होता की, वाईट देखरेख माणसाला असमाधानी करते, पण चांगली देखरेख एवढ्यानेच त्याला समाधानी करत नाही. समाधान येते ते कामातील यश, त्याची घेतली गेलेली दखल आणि मिळालेली जबाबदारी यांतून. या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली. तरीही नव्या सुपरवायझरने त्यातून एवढे घ्यावे की, लाइनवरचा त्रास कमी करणे आणि कामात अर्थ वाटायला लावणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

१. पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नये

नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात काहीतरी करून दाखवण्याची घाई असते. ती आवरून पंधरा दिवस नुसते पाहावे. चहाच्या सुट्टीत कोण कोणाबरोबर बसते, मशीन बंद पडले की माणसे आधी कोणाकडे पाहतात, शिफ्ट बदलताना आधीच्या पाळीचा ऑपरेटर काय सांगून जातो आणि काय सांगायचे टाळतो, हे सगळे या दिवसांत दिसते. मशीन बंद पडल्यावर ज्याच्याकडे माना वळतात तो माणूस हुद्द्याने बहुतेक वेळा कोणीच नसतो, पण पुढे लाइनवर कोणताही बदल करायचा असेल तर तो त्याच्याच मार्गाने जाणार असतो.

आधीचा सुपरवायझर कसा होता, हेही याच दिवसांत कळते आणि ते कळणे फार महत्त्वाचे आहे. तो कडक असेल तर माणसे तुमच्यासमोर गप्प राहतील आणि त्या शांततेला तुम्ही शिस्त समजाल. तो ढिला असेल तर तुमचा पहिला साधा नियमही जाच वाटेल. तुमची पद्धत कितीही चांगली असली, तरी माणसे ती आधीच्या पद्धतीशी ताडूनच पाहतात.

प्रत्येकाशी एकदा तरी दहा मिनिटे स्वतंत्र बोलावे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२८ नंतर २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरलेले प्रश्न घेऊन बसत, पण कामगार प्रश्न बाजूला सारून स्वतःच्या मनातले बोलत. शेवटी प्रश्नांची यादीच सोडून देण्यात आली आणि समोरच्याला हवे ते बोलू देण्यात आले. आपणही तसेच करावे. ‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला लाइनवर एकच उत्तर असते, ‘नाही साहेब.’ त्याऐवजी ‘या मशीनवर किती वर्षे झाली आणि सगळ्यांत जास्त डोके कशाने उठते?’ असे विचारले की माणूस फिक्स्चरच्या (पीस घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) ढिल्या क्लॅम्पपासून बोलायला लागतो आणि कॅन्टीनच्या आमटीपर्यंत जातो. तो क्लॅम्प आठवड्याच्या आत बदलून घ्यावा. तेवढे झाले तर पुढच्या वेळी तो आणखी काही सांगेल, आणि झाले नाही तर पुन्हा विचारूही नये.

संबोधनाचा प्रश्न याच काळात सुटतो किंवा कायमचा बिघडतो. बढती त्याच लाइनवर मिळाली असेल, तर कालपर्यंत ज्यांच्याशी ‘काय रे, डब्यात काय आणलंस?’ असे बोलणे होते, ते आज एकतर ‘साहेब’ म्हणू लागतात किंवा चारचौघांत मुद्दाम एकेरीत हाक मारून तुमचा चेहरा पाहतात. दोन्हींवर काही बोलू नये. मित्राशी एकेरीत बोलत होता तर तसेच बोलत राहावे, मात्र कामवाटप करताना मैत्री दिसता कामा नये. वयाने मोठा ऑपरेटर हाताखालचा असला तरी त्याला ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ हेच योग्य. लाइनवर त्याला सगळे ‘मामा’ किंवा ‘अण्णा’ म्हणत असतील तर आपणही म्हणावे. पंचविशीतल्या पदवीधराने पन्नाशीच्या माणसाला ‘ए’ म्हणून हाक मारली, की पुढची दोन वर्षे त्या माणसाकडून त्याला सांगितले तेवढेच काम मिळते, कणभरही जास्त नाही.

२. आपली मूळ पद्धत कोणती, हे तपासावे

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हस्तकला मंडळांवर एक प्रयोग केला. काही मंडळांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा मुलांशी चर्चा करून ठरवणारा होता, तर काहींचा सगळे मुलांवरच सोपवून बाजूला बसणारा होता. मुखवटे वगैरे बनवण्याच्या त्या कामात हुकमी प्रमुखाच्या मंडळांत काम भरपूर होत असे, पण तो खोलीबाहेर गेला की ते लगेच खाली येई. चर्चा करणाऱ्या प्रमुखाच्या मंडळांत तो गेल्याने फारसा फरक पडत नसे. सगळे सोडून देणाऱ्याच्या मंडळांत काम सर्वांत कमी झाले. ज्या २० मुलांना पहिल्या दोन्ही प्रकारांचा अनुभव मिळाला, त्यांतील १९ जणांनी चर्चा करणारा प्रमुख अधिक आवडल्याचे सांगितले.

मुलांच्या मुखवट्यांवरून दीडशे टनी प्रेसवरच्या माणसांबद्दल फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण प्रमुख बाहेर गेल्यावर काय होते हे पाहण्याची ती युक्ती आपल्या कामाची आहे. आपण कोणत्या प्रकारचे आहोत, हे स्वतःला विचारून कळत नाही, कारण प्रत्येकाला आपण समजूतदारच वाटतो. एखाद्या दिवशी न सांगता वीस मिनिटे स्टोअरला जाऊन यावे आणि परतल्यावर तासाचा आकडा पाहावा. परतताना लाइनवरचे बोलणे एकदम थांबले तर तेही लक्षात घ्यावे. मी स्वतःला मोकळा माणूस समजत होतो. माझ्या निळ्या हेल्मेटचे टोक खांबाआडून दिसले की बोलणे बंद होते, हे मला तिसऱ्या महिन्यात एका शिकाऊ मुलाने भाबडेपणाने सांगितले.

३. माणूस आणि काम पाहून पद्धत बदलावी

एकच पद्धत बाराही जणांना लावणे सोपे असते, पण ते न्यायाचे नसते. आयटीआय करून कालच आलेल्या मुलाला ‘तुला योग्य वाटेल तसे कर’ म्हणणे हे स्वातंत्र्य देणे नव्हे, त्याला वाऱ्यावर सोडणे आहे. त्याला सेटिंग, गेज (माप तपासण्याचे साधन), पहिला पीस कोणी तपासायचा, बोटे कुठे ठेवायची नाहीत, हे एकेक करून दाखवावे आणि पहिला आठवडा दर तासाला त्याच्याजवळ जावे. अशा जवळच्या देखरेखीने तो वैतागत नाही, उलट त्याला धीर येतो.

हीच देखरेख पंधरा वर्षे त्या मशीनवर काढलेल्या माणसाला अपमानास्पद वाटते. माझ्या लाइनवर एक मामा होते. डाय (पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा) बोथट होऊ लागली की पीस हातात येण्याआधीच, पंच (डायवर आदळणारा वरचा भाग) खाली येण्याच्या आवाजावरून ते सांगत. मी मात्र नव्या हुरुपात त्यांच्या मशीनवरही तासाची तपासणी सुरू केली. महिनाभरात त्यांनी आवाजावरून सांगणे सोडून दिले. पीस गेजमध्ये बसेना झाल्यावरच डाय उतरवली जाऊ लागली. एकदा विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, ‘तुमची तपासणी आहे ना, साहेब.’ त्यांच्या समाधानाचा मोठा भाग त्या कानात होता आणि माझ्या तक्त्याने तो काढून घेतला होता.

जिथे जीव किंवा बोट जाण्याचा प्रश्न आहे, तिथे कोणाचाही अनुभव न पाहता हुकूमच चालवावा. सेफ्टी कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बंद करून प्रेस चालवणे, मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून असलेले लॉक न लावता डायमध्ये हात घालणे, क्रेनखालून जाणे या गोष्टींवर चर्चा नसते. उरलेल्या बहुतेक गोष्टींवर असू शकते.

४. आधी आपुलकी, मग शिस्त

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. आपल्याकडे नव्या साहेबाला हमखास मिळणारा सल्ला याच्या नेमका उलटा असतो : ‘सुरुवातीला कडक राहा, मग हळूहळू ढील दे.’

एडविन फ्लाइशमन आणि एडविन हॅरिस यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यातील ५७ फोरमन आणि त्यांच्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोरमनच्या वागण्याचे दोन भाग त्यांनी वेगळे मोजले : माणसांची कदर किती करतो, आणि काम किती बांधून, आखून देतो. मग त्या गटांतल्या लेखी तक्रारी आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पाहिले. ज्यांची माणसांबद्दलची कदर जास्त होती त्या फोरमननी कामाचा आग्रह वाढवला तरी तक्रारी फारशा वाढल्या नाहीत. ज्यांची कदर कमी होती त्यांच्याकडे तक्रारी जास्तच राहिल्या, मग त्यांनी कामात कितीही ढील दिली तरीही. आणखी एक गोष्ट दिसली : कदर एका पातळीच्या खाली गेली की तक्रारी झपाट्याने वाढतात, पण त्या पातळीच्या वर ती आणखी वाढवून तक्रारी आणखी घटत नाहीत. म्हणजे साहेबाने सर्वांचा लाडका होण्याची गरज नाही, एका रेषेच्या खाली घसरू नये इतकेच.

भारतीय संदर्भात पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास याच्या जवळची मांडणी केली. आपल्याकडचा माणूस साहेबाकडून वडीलधाऱ्याची माया अपेक्षितो, पण नुसत्या मायेने कामे होत नाहीत; म्हणून माया करणारा आणि त्याच वेळी कामाचा आग्रह धरणारा, किंबहुना माया कामाशी बांधून ठेवणारा साहेब इथे जास्त चालतो. माणूस तयार होत गेला की अशा साहेबाने हळूहळू त्याला निर्णयात सामील करून घ्यावे, असेही त्यांचे म्हणणे होते. मला या मांडणीत एक धोका दिसतो : वडीलधारेपण एकदा अंगात भिनले की समोरचा मोठा झाला आहे हे साहेबाला उशिरा कळते. तो धोका लक्षात ठेवून ही मांडणी आपल्या लाइनवर वापरण्याजोगी आहे.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या शेजारच्या लाइनचा सुपरवायझर उशिराच्या बाबतीत भयंकर कडक होता. सात वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला तो लेट मार्क लावायचाच. एका पावसाळी सकाळी राजगुरुनगरकडून येणारी कंपनीची बस चाकणच्या चौकातल्या वाहतूक कोंडीत चाळीस मिनिटे अडकली. बसमधली माणसे उतरताच धावत पंचिंग मशीनकडे निघाली, तर हा आधीच टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभा होता आणि बसचा नंबर सांगून सगळ्यांची वेळ दुरुस्त करून घेत होता. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी विनंतीही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच बसने वेळेवर येऊन, गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत सात मिनिटे घालवलेल्या दोघांना त्याने लेट मार्क लावला. लाइनवर त्याबद्दल कुरकुर झाल्याचे माझ्या कानावर आले नाही.

५. रजा, ओव्हरटाइम आणि कामवाटप लेखी करावे

माणसे नाराज होण्याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही, रजेचे रजिस्टर उघडले तरी पुरते. जूनमध्ये पेरणीसाठी मराठवाड्यातली मुले गावी जाऊ पाहतात, गौरी-गणपतीला कोकणातली, दिवाळीनंतर छठसाठी बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, आणि गावच्या जत्रेसाठी तर वर्षभर कोणी ना कोणी. तीन माणसे एकदम गेली तर लाइन बंद पडते, म्हणून कोणाला तरी नाही म्हणावेच लागते. ‘नाही’ ऐकून माणूस रागावतो खरा, पण तोंड पाहून दिलेली रजा तो कधीच विसरत नाही.

माझी चूक सांगतो. एका वर्षी गणपतीच्या आठवड्यात दोन अर्ज आले आणि मी एकच मंजूर केला. ज्याला रजा दिली त्याच्या घरी त्या वर्षी वडिलांच्या जागी पूजेला बसणारा तो एकटा होता. हे कारण योग्य होते, पण मी ते दुसऱ्याला सांगितले नाही. त्याने स्वतःच कारण शोधले : तो माझ्या तालुक्याचा आहे म्हणून. दुसरा मुलगा न सांगता गैरहजर राहिला, परत आल्यावर दोन महिने मुकाट्याने काम केले आणि बोनस हातात पडताच दुसरीकडे गेला. मी दिलेली रजा योग्यच होती, तरीही माझ्यामुळे एक चांगला सीएनसी ऑपरेटर गेला.

त्यानंतर मी पाळलेली पद्धत अशी. मोठ्या सणाच्या दीड महिना आधी लाइनच्या बोर्डावर कागद लावायचा, एका दिवशी जास्तीत जास्त किती जण जाऊ शकतात तो आकडा त्यावर लिहायचा आणि ज्यांना हवी त्यांनी नाव लिहायचे. नावे जास्त झाली तर गेल्या वर्षी ज्याला नाकारली होती त्याला आधी, मग उरलेल्यांनी आपसात ठरवायचे. ठरले नाही तर चिठ्ठी. गणपतीला जो नियम तोच छठला आणि ईदला. नाकारताना कारण तोंडावर सांगायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला हक्क आहे, ती कधी घ्यायची एवढाच प्रश्न तुमच्यासमोर असतो, त्यामुळे रजा मंजूर करताना उपकाराचा सूर नको.

ओव्हरटाइमचेही तेच. त्याला दुप्पट दर मिळतो म्हणून काहींना तो हवा असतो आणि घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असल्याने काहींना नको असतो. कोणाला किती मिळाला आणि कोणावर किती लादला, हे महिनाअखेर एका तक्त्यात सगळ्यांना दिसू द्यावे. कामवाटपातही उष्ण, तेलकट किंवा कंबर मोडणारे काम आठवडेच्या आठवडे एकाच कंत्राटी मुलाच्या वाट्याला येत असेल, तर तो काही बोलणार नाही, कारण त्याला बोलण्याची सोय नाही; ते सुपरवायझरनेच पाहिले पाहिजे. कंत्राटी आणि कायम यांतला पगाराचा फरक तुम्ही मिटवू शकत नाही. पाळीपाळीने जागा बदलणे मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे.

६. चूक झाली की आधी पीस, मग माणूस

रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला सदोष माल, निघाले की आवाज चढतो. त्या चढलेल्या आवाजाची किंमत काय असते, हे मी एकदा तयार मालाची पेटी, म्हणजे बिन, उपसताना पाहिले. एका ऑपरेटरला त्याच्या आधीच्या चुकीबद्दल सगळ्यांसमोर झापण्यात आले होते. पुढच्या वेळी भोकाचा व्यास कमी आलेले साठ-सत्तर पीस त्याने वेगळे काढले नाहीत. बिनच्या तळाशी टाकले आणि वरून चांगले पीस भरले. ते ग्राहकाच्या लाइनवर सापडले आणि मग आमच्या चार माणसांना तिथे जाऊन दोन दिवस हजारो पीस एकेक करून तपासावे लागले. भीतीने चूक कमी होत नाही, ती बिनच्या तळाशी जाते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी मशीन थांबवून संशयित माल वेगळा करावा. मग ऑपरेटरबरोबर पीस हातात घेऊन पाहावा आणि ‘कधीपासून येत असेल?’ असे विचारावे, ‘का केलेस?’ असे नव्हे. टूल, कच्चा माल, सेटिंग, सूचना यांपैकी काय चुकले ते तपासून झाल्यावरच माणसाच्या निष्काळजीपणाकडे यावे, आणि तोच कारण असेल तर ते एकट्याला, बाजूला घेऊन, स्पष्ट शब्दांत सांगावे. ज्याने स्वतःहून ‘साहेब, माझ्याकडून वीस पीस गेले’ असे सांगितले, त्याला त्या दिवशी काहीही बोलू नये. कौतुकाची पद्धत उलटी आहे : ते सगळ्यांसमोर करावे आणि नेमके करावे. ‘छान काम चाललंय’ हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. ‘काल रात्री पट्टीची जाडी बदललेली तुमच्या लक्षात आली म्हणून पत्र्याची आख्खी कॉइल वाचली’ हे घरी जाऊन सांगितले जाते.

७. विचारायचे ते खरेच विचारावे

निर्णयात सामील करून घेतल्याने समाधान वाढते, हे आता सगळेच म्हणतात. त्याचा एक जुना पुरावा कपड्यांच्या कारखान्यातला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या मॅरियन येथे पायजमे शिवणाऱ्या हारवुड कंपनीत कामाची पद्धत सतत बदलत असे आणि दर बदलाला उत्पादन घसरत असे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला बदल नुसता सांगितला, एका गटाच्या प्रतिनिधींना त्याच्या आखणीत घेतले आणि दोन गटांत सर्वांनाच घेतले. नुसते सांगितलेल्या गटातली १७ टक्के माणसे पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेली. सर्वांना सामील केलेल्या गटांत त्या काळात एकही गेले नाही आणि त्यांचे उत्पादन आधीपेक्षा वर गेले. आपल्याकडे अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात वेगवेगळी कामे करणाऱ्या विखुरलेल्या माणसांचे छोटे गट केले आणि ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी त्या त्या गटाकडे दिली. गटात कोण असावे हे कामगारांनीच आपसात ठरवले, आणि कापडाचे प्रमाण व दर्जा दोन्ही सुधारले.

कायद्यालाही ही कल्पना नवी नाही. शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी कामगार आणि मालक यांच्या प्रतिनिधींची वर्क्स कमिटी असावी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे तत्त्व १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ क मध्ये आले. कागदावरच्या समित्या पुष्कळ आहेत. सुपरवायझरच्या पातळीवर प्रश्न एवढाच असतो की, तो लाइनवरच्या माणसाला कशाबद्दल विचारतो.

नियम साधा आहे : उत्तर काहीही आले तरी जे बदलायला तुम्ही तयार आहात, तेवढेच विचारावे. टार्गेट वरून ठरून आले असेल तर ‘किती करू या?’ असे नाटक करू नये. ‘इतके करायचे आहेत, कसे बसवायचे ते सांगा’ असे विचारावे. ट्रॉली कुठे उभी करायची, चहा दोन तुकड्यांत घ्यायचा की एकदम, डाय बदलताना कोणी कोणते बोल्ट आधी सोडायचे, या गोष्टी लाइनवरच्या माणसांना तुमच्यापेक्षा जास्त कळतात. सूचना घेतली तर कोणाची ते बोर्डावर लिहावे. नाही घेतली तर का नाही, हे त्याच आठवड्यात सांगावे. सूचना पेटीत पडून राहिलेली चिठ्ठी न विचारण्यापेक्षाही वाईट असते.

८. समाधान घटते आहे, हे कसे ओळखावे

माणसे नाराजी तोंडाने क्वचित सांगतात. ती आधी हजेरीत दिसते, विशेषतः पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आणि साप्ताहिक सुट्टीला लागून पडणाऱ्या दांड्यांत. मग दवाखान्यात जाणे वाढते, ‘मशीन बंद’च्या नोंदी लांबत जातात आणि शिफ्ट संपायच्या अर्धा तास आधी हात धुण्याच्या नळाशी गर्दी होऊ लागते. आणखी एक खूण मी हमखास पाहतो : लाइनवरची माणसे तुमच्यासमोर एकमेकांची चेष्टा करेनाशी झाली, की काहीतरी बिनसले आहे. हे आकडे आणि खुणा एका साध्या वहीत आठवड्याला एकदा टिपाव्यात. वरच्या ऑफिसचे वार्षिक सर्वेक्षण येईपर्यंत जाणारे केव्हाच गेलेले असतात.

९. वरच्या साहेबाचे काय करावे

वरचे सगळे जमवूनही अनेक सुपरवायझरचे वागणे वर्षभरात बदलते आणि त्याचे कारण लाइनवर नसून केबिनमध्ये असते. फ्लाइशमन यांनीच १९५३ मध्ये एक निरीक्षण नोंदवले होते. माणसांशी कसे वागावे याचे खास प्रशिक्षण घेऊन आलेले फोरमन कामावर परतल्यावर शिकवल्याप्रमाणे न वागता, त्यांचा स्वतःचा साहेब जसा वागतो तसेच वागू लागले. प्रोडक्शन मॅनेजर सकाळच्या मीटिंगमध्ये ओरडला, की ते ओरडणे सव्वाआठ वाजता लाइनवर पोहोचते, आणि बहुतेक वेळा ते पोहोचवणाऱ्याला आपण पोहोचवले हेही कळत नाही.

यावर मला सापडलेला उपाय मोठा नाही. मीटिंग संपल्यावर थेट लाइनवर न जाता पाच मिनिटे स्टोअरच्या बाजूने फेरी मारावी आणि साहेबाचे बोलणे दोन भागांत वेगळे करावे : काम काय सांगितले आणि राग काय काढला. लाइनवर फक्त पहिला भाग न्यावा. साहेब थेट लाइनवर येऊन तुमच्या ऑपरेटरला झापत असेल तर तिथे वाद घालू नये, पण त्याच दिवशी केबिनमध्ये जाऊन ‘चूक माझ्या लाइनची आहे, मला बोला’ एवढे शांतपणे सांगावे. जाताना मागच्या तीन महिन्यांचा रिजेक्शनचा आणि गैरहजेरीचा तक्ता बरोबर असू द्यावा, कारण माणसांच्या समाधानाबद्दल बोलायला त्या केबिनमध्ये वेळ नसतो, तक्ता मात्र साहेब हातात घेऊन पाहतो.